टॉवेलाखालची दोन बोटं

अप्पासाहेब खोतांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, एकदा झटकला आणि माझ्या उजव्या हातावर टाकला.

"अप्पा, हा काय जनावरांचा बाजार आहे का?" मी म्हणालो.

"न्हवं. पन तुमचे वडील महादू दलाल. त्यांच्या हातनं मी बैलजोड्या घेतल्यात. तवा बोटांची बोली तुमास्नी शिकवायला नगं." त्यांनी टॉवेलाखाली माझा हात धरला. "तोंडानं न्हाई म्हनलं की मानूस त्याला चिकटून बसतोय. बोटानं म्हनलं की सोडता येतंय."

आमच्या भागातल्या बैलबाजारात सौदा असाच होतो. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती कितीही माणसं उभी असोत, कुणाला पत्ता लागत नाही. लहानपणी मी बापाच्या मांडीला टेकून बसायचो आणि मनगटाची हालचाल बघून आत कितवं बोट दाबलं ते ओळखायचो. त्यामुळे अप्पांनी हात धरला तेव्हा मला मनातून हसूच आलं. म्हटलं, म्हातारा आपण होऊन माझ्या अंगणात आला.

त्यांनी माझी दोन बोटं दाबली.

मी त्यांचं एक दाबलं.

त्यांनी पुन्हा दोन दाबली, जरा जोरात.

ही बोटं पैशाची नव्हती, माणसांची होती. मी तेव्हा करंजवण साखर कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होतो, आणि त्या हुद्द्याबरोबर कारखान्याच्या कबड्डी संघाचं व्यवस्थापनही माझ्याकडे आलं होतं. त्या काळी जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्याचा संघ असायचा. गड्याला कारखान्यात नोकरी द्यायची, त्यानं अर्धा दिवस काम करायचं आणि अर्धा दिवस मैदानावर. गडी दुसऱ्या कारखान्यात न्यायचा तर जुन्या कारखान्याची नाहरकत लागे, आणि ती कुणी फुकट देत नसे. गड्याच्या बदल्यात गडी, गड्याबरोबर गडी, असे सौदे चालत. या कामात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही असं मला वाटायचं. आणि खोटं कशाला बोलू, लोकही तसं म्हणायचे.

आमच्या संघाची पकड उत्तम होती, पण समोरच्या अंगणात जाऊन गडी मारून आणणारा चढाईबहाद्दर नव्हता. दर वर्षी अंतिम सामन्यापर्यंत जायचं आणि हात हलवत परत यायचं. तसा गडी अंबपेठ कारखान्याकडे होता. इलाही मुलाणी. शेलाट्या अंगाचा, बावीस-तेवीसचा, बोलायला अगदी कंजूष. कबड्डीत चढाई करणाऱ्यानं समोरच्या अंगणात असेपर्यंत एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं. दम तुटला, मध्ये दुसरा शब्द आला, की तो बाद. इलाहीचा दम कुणी कधी तुटलेला ऐकला नव्हता. पाच-सहा जण अंगावर पडले तरी त्या ढिगाऱ्याखालून त्याचा आवाज येत राहायचा. लोक म्हणायचे, हा एरवी बोलत नाही तो श्वास वाचवायला.

दुसरं बोट होतं तातोबा चौगुलेंचं.

तात्या चौगुले एके काळी डावा कोपरा सांभाळायचे. त्यांची घोट्याची पकड अशी होती की समोरचे गडी त्या बाजूला जायचंच टाळायचे. पण आता तात्यांची चाळिशी जवळ आली होती, उजवा गुडघा गेला होता, आणि दोन हंगाम ते बाकावरच होते. ते कायम नोकरीत होते, निवृत्तीपर्यंत. पगार, खोली, दवाखाना, सगळं लागू. त्यांना घ्यायचं म्हणजे वीसेक वर्षांचं ओझं घ्यायचं, आणि संघातली एक जागा अडवायची ती वेगळीच.

निघताना आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे दादांनी, मला बजावलं होतं. "शिंत्रे, मला मुलाणी पाहिजे. पण ते त्याच्या गळ्यात लोढणं बांधून देतील. तू पक्का आहेस म्हणून तुला पाठवतोय. म्हातारा घेऊन आलास तर हंगामभर त्याच्या शेजारी बाकावर तूच बस. संघ दुसऱ्याकडे देईन."

आणि झालंही तसंच. अप्पांचं एकच पालुपद. दोघं, नाहीतर कुणीच नाही.

आम्ही कारखान्याच्या मैदानाकडेच्या चिंचेखाली बसलो होतो. त्या वर्षी अंबपेठच्या चिमणीतून धूर निघालाच नव्हता. गाळप बंद, पगार अडकलेले, यार्डात गवत वाढलेलं. कारखाना आज ना उद्या बसणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. अप्पा तिथल्या संघाचे सुरुवातीपासूनचे कर्तेधर्ते. बुडत्या घरातून भांडी बाहेर काढावीत तसे ते एकेक गडी चांगल्या घरी लावत होते. इलाहीला तर कुणीही डोक्यावर घेऊन नाचलं असतं. आणि त्याच्या जोरावर अप्पांना तात्यांचा भार माझ्या अंगावर ढकलायचा होता. व्यवहार म्हणून मला तो समजत होता. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं.

"अप्पा, तोंडानं बोलतो," मी हात बाहेर काढला. "इलाहीच्या बदल्यात आमचे दोन तरणे गडी देतो. वर तुमच्या आणखी एका गड्याला आमच्याकडे नोकरी. तात्यांचं नाव तेवढं सोडा."

"गडी घेऊन काय करू? त्यास्नी खायला कोन घालनार?"

"मग आणखी काय पाहिजे ते सांगा."

"सांगितलंय की." त्यांनी बाहेरच दोन बोटं वर केली.

तेवढ्यात मैदानावरून कुणीतरी लंगडत आमच्याकडे येताना दिसलं. तात्याच होते. बांधा अजून भक्कम, पांढरी विजार, अंगात गंजीफ्रॉक, हातावर माती. बहुधा मैदान सारवून घेत होते. ते आले आणि अप्पांकडे पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले. गेले काही दिवस दोघांत बोलणं नाही, हे मला येतानाच चहाच्या टपरीवर कळलं होतं. अप्पानं तात्याला भंगारात काढला, अशा शब्दांत. वयात अंतर असलं तरी तात्या पोरसवदा असल्यापासूनची दोस्ती, एकाच संघात शेजारी शेजारी खेळलेली माणसं.

"रामराम साहेब," तात्या म्हणाले. "इलाहीला घिऊन जावा. मला नगं."

"माझंही तेच म्हणणं आहे," मी म्हणालो. बोलून गेल्यावर लक्षात आलं की हे जरा फारच उघड झालं. तात्यांना मात्र त्याचं काही वाटलं नाही.

"पोराचं आत्ता कुठं चांगलं व्हायला लागलंय. मी मागं लटकलो तर उद्या तिथली मानसं त्यालाच बोलतील. ह्यो आला तो म्हाताऱ्याला पाठीवर घिऊन आला म्हनतील."

"अट अट असती," अप्पा मागून म्हणाले. "दोघं."

तात्यांनी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. ते चिंचेच्या बुंध्याशी बोलल्यासारखे बोलले. "न्हाईतर मी आत्ता राजीनामा लिवतो. मग कुनाला बांधून देनार हाय?"

अप्पांचा चेहरा पडला. पहिल्यांदाच म्हातारा गडबडलेला दिसला मला. दोन बैल आपसांत झुंजायला लागले की दलालानं बाजूला व्हायचं, ही बापाची शिकवण.

"आनि राजीनामा दिऊन खानार काय?" अप्पांनी विचारलं.

"ते तुला कशाला पायजे?" मग तात्या मला म्हणाले, "साहेब, आपुन खेळनारी मानसं. खेळावर ठरवू. इलाही एक चढाई करंल. समोर मी एकटा. मी त्याला धरला तर दोघांस्नी न्या, मी मुकाट येतो. सुटला तर त्यो एकटा. मग ह्यांनी सुदिक नाहरकत द्यायची, कुरकुर न करता."

मी त्यांच्या गुडघ्याकडे बघितलं. पट्टी बांधलेला, सुजलेला. समोर जिल्ह्यातला सगळ्यात चपळ गडी. मी लगेच म्हणालो, "मला मंजूर."

अप्पांनी टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, "बोलवा पोराला."

इलाही आला. त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं आधी अप्पांकडे बघितलं आणि मग तात्यांकडे. म्हणाला, "मी न्हाई खेळनार."

"खेळशील," तात्या म्हणाले.

"तात्या—"

"ऐक. ढिल्ल्या अंगानं आलास तर मला हातात कळतंय. तसं केलंस तर माझ्या दारात पाय ठिवू नगंस."

ही धमकी साधी नव्हती. इलाहीचा बाप उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, तो अपघातात गेला तेव्हापासून हे पोर तात्यांच्या घरात वाढलेलं. रमजानात चौगुले वहिनी पहाटे उठून त्याला भाकरी करून घालतात, हे अंबपेठमध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्याला घोटा सोडवायला शिकवला तो तात्यांनीच. इलाहीनं खाली मान घालून चपला काढल्या आणि तो मैदानात गेला.

पंच मीच झालो. दुसरं कोण होणार? कारखान्यातली रिकामी बसलेली माणसं कुंपणाशी गोळा झाली. ऊन उतरायला लागलं होतं आणि मळीचा तो जुना आंबूस वास वाऱ्यावर येत होता.

"आतली निदानरेषा ओलांडायची," तात्या कोपऱ्यातून ओरडले. "नुसतं फुडनं नाचून जायाचं न्हाई."

मी शिट्टी वाजवली.

"कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी…"

आवाज मोठा नव्हता, पण पिठाच्या गिरणीसारखा एकसारखा होता. इलाही मध्यरेषा ओलांडून आत गेला. उजवीकडे झुकला, डावीकडे आला, निदानरेषा पार केली. तात्या कोपऱ्यात वाकून, दोन्ही हात लोंबते सोडून उभे. हलेनात. इलाहीनं पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. तात्या हलले नाहीत. पुन्हा टाकला. तात्यांची फक्त नजर हलली.

त्यांची उजवी बाजू उघडी होती. त्या गुडघ्यावर त्यांना झेपच घेता येत नव्हती. तिकडून जाऊन अंगठा टेकवायचा आणि परत फिरायचं, एवढंच काम. इलाही ती बाजू सोडून सारखा डावीकडे घिरट्या घालत होता. हे मला दिसलं तसं तात्यांनाही दिसलं.

"हिकडनं ये!" ते खेकसले. उजव्या गुडघ्यावर त्यांनी थाप मारली. "हिकडनं! शत्रूला सोडतोस का असा?"

इलाहीचे डोळे भरलेले मी बघितले. पण दम तसाच चालू. आणि मग तो खरोखर तिकडून गेला. इतक्या वेगानं, की त्याचा पाय तात्यांच्या मांडीला लागलेला मला फक्त आवाजावरून कळला. लागला, आणि तो वळलाही.

तात्यांनी त्या गेलेल्या गुडघ्यावरच झेप घेतली.

कशी, ते मी आजही सांगू शकत नाही. आयुष्यभर कबड्डी बघितली, तशी झेप पुन्हा बघितली नाही. ते अख्खे आडवे झाले, आणि त्यांच्या डाव्या हातात इलाहीचा घोटा होता. इलाही पालथा पडला. कुंपणाशी एकदम ओरडा झाला. इलाही हातांनी माती ओरबाडत मध्यरेषेकडे सरकू लागला आणि त्याच्यामागे तात्या पोटावर फरफटत. "कबड्डी कबड्डी कबड्डी…" मध्यरेषा जवळ आली. आणखी जवळ आली. आणि तिथं सगळं थांबलं. रेषा हातभर अंतरावर, आणि घोटा तसूभर पुढे जाईना.

मी पंचाच्या रीतीप्रमाणे रेषेशी आडवा झालो होतो. माझं तोंड तात्यांच्या हातापासून वीतभरावर. त्या हाताच्या शिरा दोरखंडासारख्या तट्ट फुगल्या होत्या. अंगठा घोट्याच्या हाडामागे रुतला होता. ही पकड सुटणारी नव्हती. आता श्वास संपायचा तेवढा बाकी होता. मला दादांचा चेहरा दिसू लागला. हरल्याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "वा तात्या!" पंचानं असं म्हणायचं नसतं. पण निघालं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा वेदनेनं पिळवटलेला, पण डोळ्यांत असं काही समाधान, की बस्स. पुन्हा एकदा हातात घोटा आला होता ना!

आणि मग त्यांची बोटं उघडली.

निसटली नाहीत. बोटं वाचण्यात माझं बालपण गेलंय, मला कुणी शिकवू नये. आधी करंगळी, मग तिच्याशेजारचं, मग बाकीची, आणि शेवटी अंगठा. एखादी वस्तू जपून खाली ठेवावी तसा त्यांनी तो पाय मातीवर ठेवला.

इलाही मोकळा झाला. हात लांब केला की रेषा, रेषा शिवली की तो सुटला. म्हणजे करंजवणला जाणार तो एकटा, मोकळ्या मानेनं. "कबड्डी कबड्डी…" आवाज आता बारीक झाला होता, पण तुटला नव्हता. त्यानं हात लांब केला नाही. तो कुशीवर वळला आणि मागे तात्यांकडे बघू लागला. "कबड्डी… कबड्डी…"

"शिव की!" तात्या दबक्या आवाजात म्हणाले. "रेषा शिव!"

"तात्या," इलाही म्हणाला, "का सोडलंसा?"

मैदान चिडीचूप झालं. गिरणी बंद पडली की गावाला जशी शांतता कळते तशी ती शांतता मला कळली.

"लेका, बोललास की रं!" तात्यांनी कपाळावर हात मारला. मग धडपडत कोपरावर उठले आणि माझ्याकडे वळले. "साहेब, हे धरू नगा. हात घामानं निसटला हुता. गडी सुटल्यालाच हाय. धा मानसांनी बघितलंय."

मी उठलो. कपडे झटकले. उगाच जरा जास्तच वेळ झटकले, कारण मला विचार करायचा होता. दादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हातारा नेला की माझा संघ गेला, आणि पक्का माणूस म्हणून जे नाव होतं तेही गेलं. हात सुटला म्हणून मी गडी सुटलेला दिला असता तर बघणाऱ्यांपैकी कुणी हरकत घेतली नसती. खुद्द तात्या माझ्या बाजूनं साक्ष देत होते! आपल्याच पोटावर पाय आणणारी अशी साक्ष मी कुठे ऐकली नव्हती.

"तात्या," मी म्हणालो, "हात कसा सुटला ते मला सांगू नका. चढाईचा गडी तुमच्या अंगणात असताना बोलला. दम तुटला." आणि हात वर केला. "गडी बाद."

"बरुबर हाय," इलाही म्हणाला. तो मातीत बसून हुंदके देत होता आणि तशातही हसत होता.

तात्यांना उठता येईना. इलाही सरसावायच्या आधी अप्पाच तांब्या घेऊन पोचले होते. त्यांनी तांब्या पुढे केला. तात्यांनी एकदा इलाहीकडे बघितलं, मग अप्पांकडे, चांगलं निरखून. तांब्या घेतला आणि घटाघटा प्याले.

"पानी गार हाय," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी अप्पांशी गोडीनं बोललेले तेवढेच शब्द.

मी अप्पांच्या पुढे जाऊन उभा राहिलो. टॉवेलबिवेल काही नाही. सगळ्यांसमोर उघड्यावर दोन बोटं वर केली.

जीपपर्यंत पोचवायला अप्पा एकटेच आले. मी बसलो तरी ते दाराला धरून उभेच.

"शिंत्रे, तुमी चांगला निवाडा दिलासा म्हनून सांगतो. ती अट माझी न्हवती."

"म्हणजे?"

"पोरगं माझ्याकडं आलं हुतं. म्हनालं, तात्यास्नी हितं बुडत्या कारखान्यात ठिवून मी जानार न्हाई. पन त्यास्नी कळलं तर मला हाकलून देत्याल, माझ्यापायी तुझं नुकसान नगं म्हनत्याल. तवा अट तुमची म्हनून घाला. मी घातली."

मघापासून ज्याला मी डावपेच समजत होतो तो हा होता. "अप्पा, गाव तुम्हाला नावं ठेवतंय. दोस्ती तुटली."

"तुटू दे की. तात्याला बाकी घर तर मिळालं."

"आणि तुमचं काय? तुम्ही कुठे जाणार?"

"मी? मी हितला. शेवटचा गडी मैदानातनं जायाचा नसतोय." ते हसले. "तात्याला सांगू नगा. मी मेल्यावर सांगा पायजे तर."

दादांनी त्यांचा शब्द पाळला. संघ काढून दुसऱ्याकडे दिला आणि हंगामभर मी तात्यांच्या शेजारी बाकावर बसलो. माणसं येता-जाता टोमणे मारायची. शिंत्रेंनी नवी जोडी आणली, पण एक बैल बसका निघाला, म्हणायची. त्या वर्षी आम्ही उपांत्य सामन्यात हरलो, तेव्हा तर विचारूच नका. चषक आला तो पुढच्या वर्षी. पण मला त्या बाकावरचं आठवतं ते वेगळंच. इलाही चढाईला निघाला की तात्या तोंड मिटून घ्यायचे. तो परत रेषेवर येईपर्यंत ते श्वास सोडायचे नाहीत. लांबलेल्या चढाईत त्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा. मला भीती वाटायची, हा माणूस एक दिवस बाकावरच कोसळणार. इतकं जीव लावून खेळणारा माणूस मी मैदानातही बघितला नाही.

तात्या गोदामात काम करून रीतसर निवृत्त झाले आणि करंजवणलाच राहिले. इलाहीच्या घराला लागूनच त्यांचं घर. अंबपेठचा कारखाना कधीच बंद पडला होता. गेल्या वर्षी अप्पा गेल्याचं कळलं. तेरावं झाल्यावर मी तात्यांकडे गेलो. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते, अडकित्ता त्याच डाव्या हातात.

"तात्या, एक सांगायचं राहिलंय," मी म्हणालो. "त्या वेळची ती अट अप्पांची नव्हती."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं? इलाहीनं?"

"त्यो कवा कुनाला काय सांगतोय का? पोरगं दम सोडून बोललं, तवाच कळलं ह्यो कारभार कुनाचा. आनि अप्पा! आयुष्यात त्याला बैलाचा दात धड बघता आला न्हाई, त्यो कसला अटी घालतोय."

मला हसू आलं आणि लगोलग वाईटही वाटलं. "अहो, मग एकदा तरी त्यांना बोलायचं होतं. ते बिचारे शेवटपर्यंत समजत राहिले की तुम्हाला काही माहीत नाही."

"बोलत हुतो की." तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "दर बेंदराला, बैलांच्या सनाला, जात हुतो त्याच्याकडं. तोंडानं बोललो असतो तर म्हाताऱ्यानं रडून गोंधळ घातला असता. मग काय करायचं? दारात गेलो की आदी ह्ये."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, एकदा झटकला आणि माझ्या हातावर टाकला. खाली हात घालून माझी दोन बोटं दाबली. आणि सोडली नाहीत.